पहिला नंबर कुणाच्या पथ्यावर?

१४ जानेवारी २०२४ चा फोर्ड फील्डवरचा अमेरिकन फुटबॉलचा सामना मी शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये बसून पाहिला. बाहेर डेट्रॉइटची कडाक्याची थंडी. आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, उभं आयुष्य गाडीच्या कारखान्यात गेलेलं, आणि डेट्रॉइट लायन्स हा त्यांचा जन्माचा संघ. त्या रात्री ते मोठ्या पेचात होते. कपाटात त्यांची नऊ नंबरची जर्सी होती, मॅथ्यू स्टॅफर्डची, बारा वर्षं दर रविवारी अंगात घातलेली. आणि आज स्टॅफर्ड समोरच्या संघाकडून, लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळत होता. त्यांनी जर्सी काढली, घडी केली, मांडीवर ठेवली. सामना संपेपर्यंत ती तिथेच होती.

लायन्स २४-२३ ने जिंकले. प्लेऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतला, हा त्यांचा ३२ वर्षांतला पहिला विजय. सगळं स्टेडियम जॅरेड गॉफच्या नावाने घोष करत होतं आणि आजोबा डोळे पुसत होते. मी मात्र घरी येताना एकाच गोष्टीचा विचार करत होतो. स्टॅफर्ड हा २००९ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातला, सगळ्यात पहिला पिक, डेट्रॉइटने घेतलेला. गॉफ हा २०१६ मधला सगळ्यात पहिला पिक, रॅम्सने घेतलेला. २०२१ मध्ये दोन्ही संघांनी त्यांची अदलाबदल केली. स्टॅफर्डने डेट्रॉइटला बारा हंगामांत प्लेऑफचा एकही सामना जिंकून दिला नव्हता, आणि रॅम्सकडे जाताच पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. गॉफने रॅम्सला सुपर बोलपर्यंत नेलं होतं, पण तिथे ते १३-३ ने हरले. तोच गॉफ आता डेट्रॉइटचा लाडका झाला होता. दोघेही अव्वल खेळाडू, दोघेही पहिल्या नंबरचे, आणि दोघांनीही सगळ्यात मोठं सुख दिलं ते दुसऱ्याच घराला.

मग पहिल्या नंबरचा फायदा नेमका होतो कुणाला?

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळतात तो. आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याच्या खिशात पैसा तो बोली लावतो. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, तसं नाही. कॉलेजातून बाहेर पडणारी मुलं दर एप्रिलमध्ये सात राऊंडमध्ये वाटली जातात, आणि गेल्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला सगळ्यात आधी निवडायला मिळतं. ज्याने निवडलं त्याच्याकडेच जायचं, मुलाच्या पसंतीला जागा नाही. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली, कारण श्रीमंत संघ चांगले खेळाडू आधीच पळवायचे आणि त्यांचा संघ मार खायचा. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिला पिक होता जे बरवँगर, कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा मान मिळवलेला पहिला खेळाडू. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. पैसे पटले नाहीत, त्याने दुसरा कामधंदा धरला. या पद्धतीच्या पहिल्याच दिवशी पहिला नंबर वाया गेला होता.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वरचा पिक आपल्या वाट्याला आला तर घ्यावा, त्यात चूक काही नाही. पण तो मिळवायला पुढच्या दोन-तीन वर्षांचे पिक विकणं, किंवा तो मिळावा म्हणून मुद्दाम हरणं, हे दोन्ही मला संघाशी आणि त्या संघासाठी जीव टाकणाऱ्या गावाशी केलेली प्रतारणा वाटते. आणि जो संघ मुळातच नीट चालत नाही, त्याला पहिला पिक तारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही, डेट्रॉइटमध्ये राहून बोलतो. २००२ ते २००७ अशी सलग सहा वर्षं लायन्सकडे पहिल्या दहातला पिक होता. तिसरा, दुसरा, सातवा, दहावा, नववा, दुसरा. गरिबाच्या घरी सहा वर्षं लागोपाठ लक्ष्मी यावी तसं हे होतं. २००२ मध्ये जोई हॅरिंग्टन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला, तो चालला नाही. २००३ मध्ये चार्ल्स रॉजर्स, याच मिशिगनचा मुलगा, रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. सलग दोन हंगामांत त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं, आणि त्यातून तो पुन्हा उभा राहिला नाही. २०१९ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी तो गेला. २००४ मध्ये पुन्हा रिसीव्हर, रॉय विल्यम्स. २००५ मध्ये पुन्हा रिसीव्हर, माइक विल्यम्स, दहावा. त्याच्या लगेच नंतर अकराव्या नंबरवर डॅलसने डीमार्कस वेअरला घेतलं, जो आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सर्वकालीन श्रेष्ठांच्या मानाच्या यादीत, आहे. या सहा वर्षांचं फळ काय मिळालं? २००८ चा हंगाम, सोळा सामने, सोळा पराभव. असा हंगाम त्याआधी कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

आता कुणी म्हणेल, ते चुकीची माणसं निवडत होते, त्यात पिकचा काय दोष? म्हणून मी २००७ चा दुसरा पिक वेगळा काढतो. कॅल्विन जॉन्सन. त्याच्याइतका रिसीव्हर मी डोळ्यांनी दुसरा पाहिलेला नाही. तीन-तीन माणसं अंगावर असताना हा चेंडू वरच्या वर काढून घ्यायचा. २०१२ मध्ये त्याने एका हंगामात चेंडू झेलून १,९६४ यार्डांचा विक्रम केला. त्या वर्षी लायन्स चार सामने जिंकले आणि बारा हरले. म्हणजे निवड शंभर टक्के बरोबर आली, मुलाने इतिहास घडवला, आणि संघ होता तिथेच राहिला. तिशीत असतानाच त्याने खेळ सोडला. त्याच्या आधी १९८९ मध्ये तिसऱ्या नंबरवर घेतलेला, चेंडू घेऊन धावणारा बॅरी सँडर्स असाच खेळ सोडून गेला. दहा हंगाम, १५,२६९ यार्ड, आणि प्लेऑफमध्ये फक्त एक विजय.

१९८९ चा तो ड्राफ्ट बघण्यासारखा आहे. पहिल्या पाचातले चौघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. पहिला ट्रॉय एकमन, डॅलसला. तिसरा सँडर्स, डेट्रॉइटला. एकमनकडे तीन सुपर बोल, सँडर्सकडे एकही नाही. खेळाडू म्हणून दोघांना शेजारी उभं केलं तर निदान मी तरी सँडर्सला झुकतं माप देईन. फरक पडला तो घरात. एकमन आला त्याच वर्षी डॅलसने आपला सगळ्यात मोठा तारा हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला, आणि बदल्यात पाच खेळाडू आणि पिकांची अख्खी रास घेतली. त्या राशीतूनच पुढे १७ व्या नंबरवर एमिट स्मिथ आला, आणि त्या संघाचा कणा उभा राहिला. पहिला पिक फळला तो अशा अंगणात, जिथे एका नावाच्या बदल्यात दहा संधी गोळा केल्या होत्या.

त्याच डॅलसचे कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात एक तक्ता तयार झाला. पहिल्या पिकला ३,००० गुण, दुसऱ्याला २,६००, सोळाव्याला १,००० आणि पहिल्या राऊंडच्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या पिकला ५९०. सौदा करताना दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की झालं. वर्षानुवर्षं सगळी लीग याच तक्त्याच्या भाषेत बोलत आली. त्याचा अर्थ असा की पहिला मुलगा ३२ व्या मुलाच्या पाचपट मोलाचा. पण मैदानावर तो पाचपट चांगला निघतो का?

हा प्रश्न केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी आकडे मांडून सोडवला. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं ते असं. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५० टक्के तसेही मिळतात. शेकडो स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, देशभर हिंडतात, मुलांची उंची, हाताचा पंजा, चाळीस यार्डांची धाव मोजतात, त्यांच्या शाळेच्या कोचला फोन करतात, आणि एवढ्या सगळ्या मेहनतीनंतर हाती येतात ते दोन टक्के. स्काऊटांची मेहनत फुकट आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या राऊंडचा मुलगा सरासरीने सहाव्या राऊंडच्या मुलापेक्षा चांगला निघतो, यात वाद नाही. पण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांमधला कोण, हे सांगता येत नाही. आणि वर चढण्यासाठी जे दाम मोजलं जातं ते नेमकं याच सांगता न येणाऱ्या गोष्टीसाठी मोजलं जातं. पगार आणि खेळ यांचा हिशेब मांडल्यावर दोघांना आढळलं की संघाला सगळ्यात जास्त शिल्लक मिळते ती पहिल्या राऊंडच्या शेवटी आणि दुसऱ्या राऊंडच्या सुरुवातीला, अगदी वरच्या पिकांवर नव्हे.

त्यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मी मान्य करतो. ते आकडे लीग आणि खेळाडूंमधल्या जुन्या कराराच्या काळातले आहेत. तेव्हा नव्या मुलाला डोळे फिरतील असा पगार द्यावा लागे. स्टॅफर्डला डेट्रॉइटने पाऊल ठेवताच ४ कोटी १७ लाख डॉलरची हमी दिली होती. २०१० मध्ये पहिला आलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा, त्यातले ५ कोटी हमीचे. जॉन्सन, स्टॅफर्ड आणि २०१० चा दुसरा पिक एन्डामुकन सू, असे तीन करार एकट्या लायन्सच्या पगारमर्यादेवर बसले होते. बाकीच्या पन्नास जणांना द्यायला उरणार काय? २०१५ मध्ये सू मायामीला निघून गेला, तो याच ओझ्याखाली. २०११ च्या करारात नव्या मुलांचे पगार बांधून दिले. त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. एका वर्षात ७८ चे २२ झाले. त्यामुळे आज पहिला पिक स्वस्त पडतो, आणि तो चांगला क्वार्टरबॅक निघाला तर चार वर्षं संघाला इतर खेळाडूंवर खर्च करायला मोकळीक मिळते. हे खरं आहे.

पण पगार उतरला तरी वर चढण्याचं भाडं उतरलेलं नाही. उलट, पगार स्वस्त झाला म्हणून त्या जागेसाठी धावणारे वाढले. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी सहाव्यावरून दुसऱ्या जागेवर यायला रॅम्सना तीन पहिल्या राऊंडचे आणि एक दुसऱ्या राऊंडचा पिक दिला. ग्रिफिनने पहिल्या वर्षी आग लावली. वर्षातला सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू म्हणून त्याला निवडलं गेलं. जानेवारीत सिएटलविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि तो पहिल्यासारखा परत कधी धावला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने चौथ्या राऊंडमध्ये, १०२ व्या नंबरवर कर्क कझिन्स नावाचा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. पुढे २०१५ पासून तीन वर्षं संघ चालवला तो त्यानेच.

डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनला खेळायला आले. नाणेफेकीला एरवी दोन-तीन कर्णधार जातात. त्या दिवशी रॅम्सचे कोच जेफ फिशर यांनी सहा जण पाठवले. त्या एका सौद्याच्या पिकांतून आलेले सहा खेळाडू, एका रांगेत, मैदानाच्या मधोमध. समोर वॉशिंग्टनचे कर्णधार, आणि चारी बाजूंना त्यांचेच प्रेक्षक. रॅम्स २४-० ने जिंकले. मी तो क्षण टीव्हीवर पाहिला आणि मला त्या प्रेक्षकांचं फार वाईट वाटलं. त्यांनी काय केलं होतं? तिकिटं काढली होती, मुलांना नेलं होतं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. रॅम्स त्या सौद्याने लगेच मोठे झाले असं नाही. त्या वर्षी तेही सहाच सामने जिंकले. आणि वॉशिंग्टनकडून आलेला शेवटचा पिक होता २०१४ चा दुसरा, म्हणजे पुन्हा अगदी वरचा. त्यावर त्यांनी ग्रेग रॉबिन्सनला घेतलं आणि तो टिकला नाही. त्याच संध्याकाळी आपल्या स्वतःच्या १३ व्या पिकवर त्यांनी ॲरन डोनाल्डला घेतलं. डोनाल्डसारखा बचावपटू पिढीतून एखादाच होतो. एकच संघ, तेच स्काऊट, तीच रात्र. दुसरा चुकला, तेरावा सोनं निघाला. आपल्याला कळतं असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही एक रात्र आठवावी.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट तर याहून बोलकी. २०२१ मध्ये त्यांनी बाराव्यावरून तिसऱ्या नंबरवर यायला मायामीला पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राऊंडचे पिक आणि वर एक तिसऱ्या राऊंडचा दिला, आणि ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतलं. लान्सने त्यांच्यासाठी चार सामन्यांत सुरुवात केली, त्याचा घोटा मोडला, आणि २०२३ मध्ये त्यांनी त्याला डॅलसला एका चौथ्या राऊंडच्या पिकवर देऊन टाकलं. दरम्यान २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा पिक त्यांनी ब्रॉक पर्डीवर लावला होता. त्याच पर्डीने त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं. मी इथे पर्डीचं कौतुक करून 'शेवटचा पिकच बरा' असं म्हणत नाही. असे पर्डी आणि असे टॉम ब्रेडी, १९९ व्या नंबरवरचे, मोजकेच असतात. मुद्दा एवढाच की तीन पहिल्या राऊंडचे पिक गेले तरी सॅन फ्रान्सिस्को बुडालं नाही, कारण बाकीचा संघ, कोच, खेळण्याची पद्धत जागेवर होती. ज्या कॅरोलायनाकडे यातलं काही नव्हतं त्याने २०२३ मध्ये पहिल्या नंबरसाठी शिकागोला आपला सगळ्यात चांगला रिसीव्हर डीजे मूर आणि चार पिक दिले, ब्राइस यंगला घेतलं, आणि हंगामात दोनच सामने जिंकले. यंगला झेलायला माणूस नव्हता, कारण तोच विकला होता. कोचला नोव्हेंबरमध्येच काढलं. आणि त्या दोन विजयांमुळे पुढच्या वर्षीचा पहिला पिक आला तो त्यांनी आधीच शिकागोला देऊन टाकलेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही. यंग पुढे बराच सावरला, त्याचा मला आनंद आहे. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आख्खं गाव ठेवायचं आणि दुसऱ्या हंगामाच्या दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवायचं, हे मला आजही पटत नाही.

मग पॅट्रिक महोम्सचं काय, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये २७ व्यावरून १० व्या नंबरवर चढायला पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिक दिला, आणि महोम्सने त्यांना सुपर बोल जिंकून दिले. हा सौदा फळला, आणि छान फळला. पण पाहा, तो दहावा होता. त्याच वर्षी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर चढून शिकागोने मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं, महोम्स त्यांच्यासमोर मोकळा होता. आणि कॅन्सस सिटीकडे तेव्हा अँडी रीडसारखा कोच होता, प्लेऑफला जाणारा संघ होता, ॲलेक्स स्मिथ नावाचा चांगला क्वार्टरबॅक होता. महोम्स जवळजवळ वर्षभर त्याच्यामागे बसून शिकला. हा स्मिथ २००५ चा पहिला पिक, सॅन फ्रान्सिस्कोचा. त्याच्या अनुभवाचा उपयोग झाला तो असा, दुसऱ्याच गावात.

सुपर बोल सुरू झाल्यापासून पहिल्या नंबरवर निवडलेल्या किती क्वार्टरबॅकनी ज्या संघाने आपल्याला निवडलं त्याच संघाला मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल जिंकून दिला? पिट्सबर्गचा टेरी ब्रॅडशॉ, डॅलसचा एकमन, इंडियानापोलिसचा पेटन मॅनिंग. बस. जॉन एल्वे आणि ईलाय मॅनिंग यांना निवडणारे संघ वेगळे आणि जिंकणारे वेगळे. जिम प्लंकेट आणि स्टॅफर्ड यांची गोष्ट तशीच. अर्ध्या शतकाहून जास्त काळ आणि तीन नावं.

याहून मला जास्त सलतं ते मुद्दाम हरणं. म्हणजे खेळाडू हरायला उतरतात असं नाही. प्रत्येकाची नोकरी पुढच्या रविवारवर असते, ते जीव तोडून खेळतात. पण वरून संघ उसवला जातो आणि हळूहळू प्रेक्षकही हरण्याची वाट बघू लागतात. २०२० मध्ये न्यूयॉर्क जेट्स सलग तेरा सामने हरले होते, आणि ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा मुलगा पहिल्या नंबरवर येणार हे ठरल्यासारखं होतं. २० डिसेंबरला जेट्सनी रॅम्सना २३-२० ने हरवलं. गॉफ तेव्हा रॅम्सकडे होता. आणि न्यूजर्सीतले माझे मित्र जेट्स जिंकले म्हणून हळहळत होते! लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला, जेट्सनी दुसऱ्या नंबरवर झॅक विल्सनला घेतलं, तोही फसला. बास्केटबॉलमध्ये एनबीएने १९८५ पासून वरच्या पिकांसाठी सोडत ठेवली आहे. एनएफएलनेही ठेवावी असं माझं मत आहे. सोडतीने सगळं सुधारत नाही हे बास्केटबॉलवाल्यांना ठाऊक आहे, पण आपलाच संघ जिंकला म्हणून लहान पोराने हिरमुसावं, निदान एवढं तरी टळेल.

इथे डेट्रॉइटच्या ९ जानेवारी २०२२ च्या सामन्याची आठवण काढतो. हंगामाचा शेवटचा दिवस, लायन्सकडे दोनच विजय, आणि हरले असते तर पहिला पिक नक्की. समोर ग्रीन बे, ज्यांना त्या सामन्याने फरक पडणार नव्हता. नवे कोच डॅन कॅम्पबेल यांनी फसव्या चालींसकट सगळं पणाला लावलं आणि सामना ३७-३० ने जिंकला. रेडिओवर दुसऱ्या दिवशी लोक फोन करकरून चिडत होते. पहिला पिक जॅक्सनव्हिलकडे गेला. त्यांनी ट्रेव्हॉन वॉकरला घेतलं, आणि दुसऱ्या नंबरवर लायन्सच्या हाती आला एडन हचिन्सन, इथल्याच प्लिमथचा, मिशिगन विद्यापीठात खेळलेला मुलगा. जिंकल्याची शिक्षा व्हायची होती, ती झाली नाही. आणि ड्रेसिंग रूममधल्या तरुण खेळाडूंना वर्षभरानंतर पहिल्यांदा वाटलं असेल की आपण जिंकू शकतो. त्याचं मोल कुठल्या तक्त्यात मांडायचं?

त्यानंतर जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांनी जे केलं तेच मला सांगायचं आहे. स्टॅफर्डच्या सौद्यातून २०२३ मध्ये लायन्सकडे सहावा पिक आला. जुन्या डेट्रॉइटने त्यावर एखादं चमकतं नाव उचललं असतं. होम्सनी तो ॲरिझोनाला दिला, बाराव्यावर उतरले, आणि वर ३४ वा पिक मिळवला. बाराव्यावर जमीर गिब्स, ३४ व्यावर सॅम लापोर्टा. त्या रात्री टीव्हीवरच्या जाणकारांनी नाकं मुरडली. वर्षभरात दोघेही संघाचे आधार झाले. २०२१ मध्ये चौथ्या राऊंडमध्ये, ११२ व्या नंबरवर आलेला आमॉन-रा सेंट ब्राऊन आपल्याआधी निवडलेल्या सोळाही रिसीव्हरांची नावं घडाघडा म्हणून दाखवतो. ती यादी त्याच्या तोंडून ऐकली की मला चार्ल्स रॉजर्सपासूनची आमची यादी आठवते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डॅलसला हचिन्सनचा पाय मोडला, नडगीची दोन्ही हाडं. असा खेळाडू गेला की जुने लायन्स कोसळले असते. हे लायन्स त्या हंगामात पंधरा जिंकले आणि दोनच हरले. मग जानेवारीत फोर्ड फील्डवर वॉशिंग्टनने त्यांना ४५-३१ ने हरवलं, आणि हरवणारा क्वार्टरबॅक होता जेडन डॅनियल्स, २०२४ चा दुसरा पिक. त्या रात्री आजोबांनी मला फोन करून विचारलं, "आता बोल, तुझ्या त्या नोबेलवाल्याचं काय?" मी त्यांना एवढंच म्हणालो की डॅनियल्ससाठी वॉशिंग्टनने कुणालाही काही दिलं नव्हतं. पिक त्यांच्या वाट्याला आला आणि त्यांनी घेतला. पुढच्याच आठवड्यात त्यांना ईगल्सनी ५५-२३ ने हरवलं. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स ५३ वा पिक, दुसऱ्या राऊंडचा. आजोबांना माझं म्हणणं पटलं नाही. ते अजूनही पहिल्या नंबरचेच चाहते आहेत, आणि स्टॅफर्डची जर्सी त्यांनी टाकलेली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ड्राफ्ट डेट्रॉइटमध्येच झाला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांहून जास्त माणसं आली. पहिल्या संध्याकाळी मी आणि माझा मुलगा गर्दीत कॅम्पस मार्शसपाशी उभे होतो. पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक गेले, गावोगावचे लोक आपापल्या संघाचं नाव आलं की ओरडत होते. वर्षानुवर्षं आमचा नंबर पहिल्या तासाभरात लागायचा आणि लोक टीव्ही बंद करून झोपायला जायचे. या वेळी संघ चांगला खेळला होता म्हणून नंबर होता २९ वा. पाय दुखायला लागले. मुलगा विचारत होता, "बाबा, आपला कधी?" रात्र चढत गेली तरी निळ्या जर्सीतलं कुणी हललं नाही. शेवटी लायन्सनी पाच पायऱ्या चढून २४ वा पिक घेतला, त्यासाठी तिसऱ्या राऊंडचा पिक दिला, ते मला पटलं नाही, आणि तिथेच मी मुलाला तसं सांगितलंही. त्याने ऐकलं नाही. तो माझ्या खांद्यावर हात टेकून, चवड्यांवर उभा राहून स्टेजकडे बघत होता.